रक्तदाब ठरवतो कोण?

अर्नेस्ट स्टार्लिंग हे नाव शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीन वेळा भेटतं, आणि तिन्ही वेळा वेगळ्या प्रकरणात. रक्ताच्या प्रकरणात केशिकांच्या भिंतीतून पाणी आत-बाहेर कसं होतं ते सांगणारे स्टार्लिंगचे दाब येतात; ते काम १८९६ सालचं. संप्रेरकांच्या प्रकरणात विल्यम बेलिस यांच्यासोबत १९०२ मध्ये सापडलेलं सीक्रेटिन येतं, आणि १९०५ सालच्या व्याख्यानांतून रूढ झालेला 'हॉर्मोन' हा शब्दही. हृदयाच्या प्रकरणात स्टार्लिंगचा नियम येतो: हृदयात जितकं अधिक रक्त भरेल तितका त्याचा स्नायू ताणला जाईल आणि तितक्या जोराने ते आकुंचन पावेल. लंडनमधल्या एकाच संशोधकाचं हे काम. रक्त, ग्रंथी आणि हृदय हे त्याच्या लेखी तीन विषय नव्हते. पाठ्यपुस्तकांनी सोयीसाठी ते तीन केले, आणि परीक्षेसाठी पाठ करता करता विद्यार्थ्यांच्या मनातही ते तीनच राहिले.

याचा तोटा सर्वांत ठळक दिसतो तो रक्तदाबाच्या प्रश्नात. "बीपी कशावर अवलंबून असतं?" असं वायवात विचारलं की उत्तर तयार असतं: हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त गुणिले रक्तवाहिन्यांचा एकूण विरोध. उत्तर बरोबर आहे, पण त्यात कारण कुठेच नाही, नुसता गुणाकार आहे. मिनिटाला पाच लिटरच का आणि विरोध इतकाच का, हे कोण ठरवतं? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला हृदय, मज्जासंस्था, अधिवृक्क ग्रंथी, मूत्रपिंड आणि मीठ अशी निरनिराळी उत्तरं दिली गेली. प्रत्येक उत्तरामागे उत्तम प्रयोग आहेत, म्हणूनच वाद इतका लांबला. आपण काही सेकंदांतल्या दाबाबद्दल बोलतोय, काही तासांतल्या की काही वर्षांतल्या, एवढं आधी ठरवून घेतलं तर यातलं निम्मं भांडण उरत नाही, असं माझं मत आहे.

मोजमापाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घोडीवरच्या प्रयोगाची नोंद आहे. जिवंत घोडीला आडवं बांधून तिच्या धमनीत काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच चढलं. पाऱ्याच्या मापात हे १९५ मिलिमीटरच्या आसपास भरतं. बांधून घातलेल्या, घाबरलेल्या जनावराचा दाब तो, त्यामुळे आकडा मोठा आल्याचं नवल नाही. दवाखान्यात डॉक्टरांना पाहून ज्यांचं बीपी चढतं त्यांनी त्या घोडीची आठवण ठेवायला हरकत नाही. दंडाला पट्टा बांधून मोजायची सोय तूरिनच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये केली, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे काढायची रीत सेंट पीटर्सबर्गच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये दिली.

आता आकडे पाहू. विश्रांतीत हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. शरीरातलं एकूण रक्तही तेवढंच, त्यामुळे सगळं रक्त मिनिटाभरात एकदा फिरून येतं. विरोधाची जागा मोठ्या धमन्यांत नसून बारीक धमनिकांत असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की विरोध १६ पट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. धमनिकेच्या भिंतीतला स्नायू किंचित आवळला तरी दाबात फरक पडतो तो यामुळेच, आणि दाबावर हुकमत गाजवू पाहणारी बहुतेक संप्रेरकं याच स्नायूवर येऊन पोहोचतात.

सेकंदांचा कारभार मात्र मज्जासंस्थेकडे आहे. आडवा माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे साचतं. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. तिथला ताण घटला की लंबमज्जेतून आदेश सुटतो, ठोके वाढतात, धमनिका आणि शिरा आवळतात, आणि माणसाला बहुधा काही जाणवतही नाही. म्हातारपणी किंवा मधुमेहात ही यंत्रणा मंदावली की उठल्यावर भोवळ येते. आता प्रश्न असा, की दाबाची मूळ पातळीही हीच यंत्रणा ठरवते का? मिसिसिपीत आर्थर गायटन यांच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये कुत्र्यांचे हे मज्जातंतू कापून दिवसभर दाब नोंदवला गेला. दाब दिवसभर वरखाली उसळत राहिला, पण चोवीस तासांची सरासरी जवळपास होती तिथेच राहिली. शिवाय दाब एक-दोन दिवस चढलेला राहिला तर ही टोकं त्या नव्या पातळीलाच नेहमीची मानू लागतात. म्हणजे ही यंत्रणा चढउतार सांभाळते, पातळी ठरवत नाही.

सेकंदांपासून आठवड्यांपर्यंतचा सगळा पट एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर रक्तस्राव पाहावा. अपघातात एखाद्याचं लिटरभर रक्त गेलं, असं समजू. पहिल्या मिनिटाच्या आत नाडी वेगाने चालू लागते, त्वचा थंड आणि फिकट पडते. हे मज्जासंस्थेचं काम, सोबत अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातलं अ‍ॅड्रेनलिन. काही मिनिटांत मूत्रपिंडातून रेनिन सुटतं आणि अँजिओटेन्सिन तयार होऊन धमनिका आणखी आवळतात. पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन येतं. एरवी हे संप्रेरक रक्ताचा दाटपणा एक-दोन टक्के वाढला तरी सुटतं. रक्ताचं आकारमान कमी झाल्यावर सुटायला मात्र दहा टक्क्यांच्या आसपास घट लागते, पण मग ते भरपूर सुटतं. लघवी थांबते, तहान लागते. याच वेळी स्टार्लिंगचं १८९६ चं काम प्रत्यक्ष घडत असतं: केशिकांतला दाब घटल्यामुळे ऊतींमधलं पाणी रक्तात ओढलं जातं.

इथे विद्यार्थी हमखास फसतात. रक्त गेल्यागेल्या हिमोग्लोबिन तपासलं तर ते साधारण नेहमीचंच येतं, कारण पेशी आणि द्रव दोन्ही एकाच प्रमाणात गेलेले असतात. पुढच्या काही तासांत ऊतींमधलं पाणी आत येईल, सलाइन लागेल, तेव्हा आकडा उतरेल. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. अधिवृक्क ग्रंथीच्या सालीतून येणाऱ्या, मीठ राखायला लावणाऱ्या अल्डोस्टेरॉनचा परिणाम दिसायला तासभर तरी लागतो, कारण ते पेशीच्या केंद्रकात जाऊन नवी प्रथिनं बनवायला लावतं. तांबड्या पेशींची भरपाई सर्वांत सावकाश होते. ऑक्सिजन घटल्याचं मूत्रपिंड ओळखतं आणि एरिथ्रोपोएटिन सोडतं. अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी तीन-चार दिवसांनी रक्तात वाढलेल्या दिसतात आणि पूर्ण भरपाईला आठवडे लागतात. रक्तदान शिबिरात पुरुषांना पुन्हा तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी या असं सांगतात, ते पाण्यासाठी नव्हे, पेशींसाठी आणि त्यांच्यातल्या लोहासाठी.

रक्तातलं पाणी किती ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती करायच्या, हे दोन्ही निर्णय एकाच अवयवाकडे आहेत, हे यातून ध्यानात यावं. म्हणूनच मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात रक्तक्षय आणि उच्च रक्तदाब जोडीने दिसतात. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं दिली की रक्तक्षय सुधारतो, पण काहींचा दाब चढतो. हिशोब कुठल्याच बाजूने एका प्रकरणात बसत नाही.

मूत्रपिंडावर संशय येण्याची गोष्ट मात्र अडखळत पुढे गेली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बेर्गमान यांनी १८९८ मध्ये सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा दाब चढला. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. पुढची तीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. क्लीव्हलँडचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चांदीचा चिमटा बसवून ती अरुंद केली, तेव्हा दाब चढला आणि चढलेलाच राहिला. तिथून शोध पुन्हा सुरू झाला. अर्जेंटिनात ब्राऊन-मेनेंडेस आणि अमेरिकेत अर्व्हाइन पेज यांच्या गटांनी १९३९-४० च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवलं, की रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. ते विकर आहे आणि रक्तातल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं. तो तुकडा, म्हणजे अँजिओटेन्सिन, कामाला येण्याआधी आणखी एकदा कापला जावा लागतो, हे १९५०च्या दशकात लेनर्ड स्केग्ज यांनी दाखवलं, आणि ही दुसरी काप मुख्यतः फुप्फुसांत पडते, हे १९६७ मध्ये लंडनमध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. यकृतात बनलेलं प्रथिन मूत्रपिंडाच्या विकराने कापायचं, फुप्फुसात पुन्हा कापायचं, मग ते धमनिकांवर आणि अधिवृक्क ग्रंथीवर चालायचं: इतक्या अवयवांना एका कामात गुंतवणारी साखळी शरीरात क्वचितच असेल.

या साखळीवरचं औषध सापाकडून आलं. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या दंशाने दाब कोसळतो. त्याच्या विषातला एक घटक सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये वेगळा दाखवला, त्यावरून स्क्विब कंपनीतल्या कशमन आणि ओन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल बनवलं, आणि १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज या गटातली औषधं घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो, कारण दुसरी काप पाडणाऱ्या ज्या विकराला ती अडवतात, तोच विकर ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरं द्रव्यही नष्ट करत असतो.

अधिवृक्क ग्रंथीचा मान मात्र आधीचा. जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी १८९४-९५ मध्येच तिच्या अर्काने दाब चढतो हे दाखवलं होतं; ते गाभ्यातल्या अ‍ॅड्रेनलिनचं काम. सालीतलं अल्डोस्टेरॉन सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांच्या हाती १९५३ मध्ये लागलं. ते मूत्रपिंडाला मीठ राखून पोटॅशियम सोडायला लावतं. गंमत अशी की त्याच सालीतलं कॉर्टिसॉलही अल्डोस्टेरॉनच्याच ग्राहीवर बसू शकतं, आणि रक्तात ते कितीतरी पट अधिक असतं. तरी गोंधळ होत नाही, कारण मूत्रपिंडाच्या त्या पेशींत एक विकर कॉर्टिसॉलला आधीच निकामी करून टाकतो. ज्येष्ठमध नेमका या विकराला अडवतो. खोकल्यासाठी एखाददुसरा तुकडा चघळल्याने काही बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने भरपूर ज्येष्ठमध खाणाऱ्याचा दाब चढतो, पोटॅशियम उतरतं आणि पायांना सूज येते. अल्डोस्टेरॉन तपासलं तर उलट कमीच निघतं. घरगुती औषध म्हणून रुग्ण ते सांगत नाही आणि विचारायचं डॉक्टरांना सुचत नाही.

हृदय ही सुद्धा ग्रंथी आहे, हे तर फार उशिरा कळलं. अलिंदाच्या स्नायूपेशींतले कण सूक्ष्मदर्शकाखाली १९५०च्या दशकातच दिसले होते. अडॉल्फो द बोल्ड यांनी कॅनडातल्या किंग्स्टन इथे त्या अलिंदांचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा लघवीतून मीठ आणि पाणी धो धो वाहू लागलं. हे १९८१ चं काम. रक्त जास्त भरून अलिंद ताणलं गेलं की ते स्वतःच मूत्रपिंडाला 'मीठ सोड' असा निरोप धाडतं. याच कुळातलं दुसरं संप्रेरक १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून त्याच्या नावात अजून मेंदू आहे, पण ते मुख्यतः निलयातून येतं. दम लागलेला रुग्ण आला की दोष हृदयाचा की फुप्फुसाचा हे ठरवायला आज जी बीएनपी तपासणी करतात, ती याचीच.

वर्षांच्या हिशोबात दाब कोण ठरवतो, या वादात सर्वांत भक्कम बाजू गायटन यांनी मांडली. दाब वाढला की मूत्रपिंड जास्त मीठ-पाणी सोडतं, आणि दाब परत खाली येईपर्यंत सोडतच राहतं. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं हे आहे: पंप कितीही जोरात चालवा, पाण्याची पातळी शेवटी ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या उंचीवरच ठरते. म्हणून कायमचा उच्च रक्तदाब व्हायचा तर तो पाइप, म्हणजे मूत्रपिंडाची मीठ सोडायची पातळी, वर सरकायला हवी. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड लिटर बाहेर टाकतात. इतक्या मोठ्या उलाढालीत टक्क्याच्या अंशाइतकी चूकसुद्धा महिन्याभरात मोठी होते, हे मुद्द्याला बळ देणारं आहे. पुरावेही आहेत. उच्च रक्तदाबाने मूत्रपिंडं निकामी झालेल्या सहा रुग्णांना निरोगी दात्यांची मूत्रपिंडं बसवल्यावर त्यांचा दाब उतरला, हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच जनुकाच्या दोषाने होणारे रक्तदाबाचे दुर्मीळ प्रकार रिचर्ड लिफ्टन यांनी शोधले, आणि ते जवळपास सगळे मूत्रपिंडातल्या मिठाच्या वाटेवरच सापडले.

तरीही मला हा निकाल एकतर्फी वाटत नाही, आणि त्याचं एक कारण मुंबईचं आहे. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो वाचून बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते औषध वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातलं रिसर्पिन वेगळं झालं. वकील यांना १९५७ चा लॅस्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा रिकामा करतं, आणि दाब महिनोन्‌महिने खाली राहतो. मज्जासंस्था फक्त सेकंदांची मालक असती तर हे घडलं नसतं. यावर गायटनपंथीयांचं उत्तर तयार आहे: मूत्रपिंडालाही मज्जातंतू जातात आणि त्यांच्यामार्फत रेनिन सुटतं. ते खरंच आहे. मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीचे मज्जातंतू कॅथेटरने जाळायचा उपचार २०१४ च्या मोठ्या चाचणीत खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. नंतरच्या अधिक काटेकोर चाचण्यांत दाब थोडा उतरला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. परिणाम आहे, पण बेताचा.

मिठाचं प्रकरणही पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. इंटरसॉल्ट या १९८८ च्या अभ्यासात जगभरातली ५२ केंद्रं होती. जवळजवळ मीठच न खाणाऱ्या ब्राझीलच्या यानोमामी लोकांचा दाब वयानुसार वाढत नाही, हे त्यात ठळक दिसलं. अर्थात ते लठ्ठही नसतात आणि दिवसभर चालतात. येन्स टिट्झे यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की त्वचेत पाणी न धरताही सोडियम साठू शकतं आणि प्रतिकारपेशी त्याची नोंद घेतात. मीठ आलं की पाणी येतं आणि रक्त वाढतं, हा सरळ हिशोब त्यामुळे अपुरा ठरतो. पण शास्त्रीय बारकावे म्हणजे फरसाणाला परवाना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची आहे आणि भारतातल्या पाहण्यांत ८ ते ११ ग्रॅम निघतं. लोणचं, पापड आणि फरसाण त्यात भर घालतात.

उच्च रक्तदाब हा वेगळा आजार आहे की उंचीसारखं एक सलग माप, यावर १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये प्लॅट आणि पिकरिंग भांडले. दहा लाखांवर लोकांच्या जनुकांची पाहणी २०१८ मध्ये आली आणि रक्तदाबाशी जोडलेल्या ज्ञात जागा ९००च्या पुढे गेल्या. सलग मापाची बाजू घेणारे पिकरिंग जिंकले, एवढं म्हणून पुढे जाऊ.

या सगळ्या विचाराचा सर्वांत मोठा फायदा रक्तदाबापेक्षा हृदय दुबळं झालेल्या रुग्णांना झाला. हृदय कमी रक्त ढकलू लागलं की मूत्रपिंडाला वाटतं रक्तस्राव झाला. ते वर सांगितलेली सगळी साखळी सुरू करतं, मीठ-पाणी राखतं, आणि आधीच थकलेल्या हृदयावर ओझं वाढवतं. पूर्वी उपचार म्हणजे हृदयाला जोर देणं. डिजॉक्सिनने रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटलं, मृत्यू घटले नाहीत, हे १९९७ च्या चाचणीत दिसलं. उलट अँजिओटेन्सिन अडवणाऱ्या एनालाप्रिलने १९८७ मध्ये, आणि अल्डोस्टेरॉन अडवणाऱ्या स्पिरोनोलॅक्टोनने १९९९ मध्ये, अशा रुग्णांचे मृत्यू स्पष्टपणे कमी केले. हृदयाच्या आजारावर संप्रेरकांना आवर घालणं हा आज प्रमुख उपचार आहे, आणि तो ज्यांना सुचला त्यांनी ही तीन प्रकरणं एकत्र वाचली होती.

वाचक विद्यार्थी असो की बीपीची गोळी घेणारा, जाता जाता एक सांगतो. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला आजार, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून अल्डोस्टेरॉनचा अतिरेक, पूर्वी दुर्मीळ समजला जायचा. आता तो तसा मानत नाहीत. तरुण वय, तीन-तीन औषधं चालू असूनही न उतरणारा दाब, किंवा रक्तात कमी निघालेलं पोटॅशियम, यातलं काहीही असेल तर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन एकत्र तपासून घ्यायला डॉक्टरांना जरूर विचारा. रेनिन कमी आणि अल्डोस्टेरॉन जास्त निघालं, आणि पुढच्या तपासण्यांत गाठ एकाच बाजूला सापडली, तर ती काढल्यावर काहींच्या गोळ्या पूर्ण बंद होतात आणि बाकीच्यांच्या बहुधा कमी होतात.